तिसऱ्या पट्ट्यावर कोण पडलं?

हॅलो?... हॅलो, कोण, ऋतू?... अगं बोल की! मी सोमशेखर अज्जाच, दुसरं कोण उचलणार हितं... थांब, थांब. तुझं नंतर. आधी माझं ऐक. काल आपल्या रस्त्यावर जे घडलं ना, ते कुणाला सांगितलं तर कुणीसुद्धा विश्वास ठेवणार न्हाई. तू तर न्हाईच न्हाई... का म्हणजे? इंजिनिअर हायस तू. तुमच्या लोकांचा मोजायच्या टेपावर विश्वास, माणसावर न्हाई...

हां... हो, हो, कालच्या चाचणीचंच सांगतोय की. तुमच्या ऑफिसची माणसं आलती भल्या सकाळी. रविवार, त्यात रस्ता दोन्हीकडनं बंद. फक्कीनं रेघा मारल्या, रस्ता अडवायच्या नारिंगी टोप्या मांडल्या. सायकल ट्रॅकचे तिन्ही नमुने एकापुढं एक, पार चौकापासून बसस्टॉपपर्यंत. मी गॅलरीत खुर्ची टाकून बसलो. पण तू का न्हाई आलीस?... आं? साहेबानं पुण्यातच अडकवलं?... दुसरंच काम लावलं? बघ, म्हणजे शेतात एक आणि राखणीला दुसरा...

आज? दुपारी मीटिंग?... आणि तितं तू बोलणार? एकटी?... अगं वा! आणि हे तू आता सांगतेस?... घाबरतेस कशाला त्यात?... हां... हां... म्हणजे तिन्हीतला एक तू सुचवायचा. साहेबाच्या मनात एक नंबर, कारण स्वस्त. रंगाची रेघ ओढली की काम संपलं... आणि तुझ्या मनात तीन नंबर... मग सांग की तसं! तोंड दिलंय ना देवानं?... पुरावा? कसला पुरावा?...

हां, आलं ध्यानात. चालवून बघायला आली ती सगळी क्लबवाली पोरं. डोक्यावर कडक टोपी, अंगाला चिकटलेला शर्ट. त्यांना विचारलं तर तिन्ही झकास. ती काय गं, विहिरीच्या काठावरनं पण चालवतील... आणि साहेब म्हणतो, तीन नंबर म्हाताऱ्या माणसाला जमायचा न्हाई, पडतील?... असं म्हणला? वय काय त्याचं?... मग त्याला काय ठावं म्हातारपण!

थांब, म्हणजे तुला एवढंच पाहिजे, की साठीच्या पुढच्या कुणी सायकल चालवली का... अगं, मग मी मघापासून काय सांगतोय! चालवली. तिन्ही पट्ट्यांवर चालवली. सत्तरीला टेकलेल्या माणसानं... कोण?... कोण म्हणजे... आपला हा... विरुपाक्ष!

विरुपाक्ष गं. कोपऱ्यावरचा. माझा शाळेपासूनचा दोस्त... हो हो, तोच. एक पायरी चढताना तीनदा ‘सिद्धरामा’ म्हणतो, तोच. म्हणूनच पहिल्यांदा म्हणलो ना, विश्वास बसणार न्हाई!

हा आवाज?... तुझी आज्जी. आत शेंगाची चटणी कुटायलीय, तुझ्यासाठीच. येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर पाठवणार म्हणती... न्हाई गं, मिक्सर चालू हाय. पण मिक्सरच्या चटणीला ती चटणी म्हणत न्हाई, भुकटी म्हणती... मनगट? मनगट ठणठणीत. दोन वर्षं झाली की आता. दणका ऐकू येत न्हाई का तुला? भांडी नाचायलीत मांडणीवर... सायकल? छे छे! सायकलचं नावसुद्धा काढत न्हाई ती. तुझ्या बाबाला शब्द दिलाय. आठवतं ना, प्लॅस्टर निघायच्या आधीच श्रीशैल काय म्हणला? ‘आई, परत हात लावलास तर सायकल भंगारात.’ बोलतो तसं करतो तो, आजोळावर गेलाय... हाय की, जिन्याखालीच हाय. तुझीच शाळेतली. वर चादर टाकलीय... हवा? टायरात हवा कशाला असंल? मी कुठं बघायला गेलो... न्हाई, बाबा काल घरात नव्हता. आई-बाबा दोघंही अक्कलकोटला लग्नाला गेलते. का गं?... मग ऐक की! मधे मधे फाटे फोडू नकोस.

तर, विरुपाक्ष. सकाळचा चहा झाला आणि दारात येऊन उभा राहिला. असा मोकळा रस्ता त्यानं किती वर्षांत बघितला नव्हता. रिक्षा न्हाई, टमटम न्हाई, हॉर्न न्हाई. नुसतं कोवळं ऊन आणि पांढऱ्या रेघा. ती क्लबवाली पोरं सुळकन जायची, सुळकन यायची. हा बघत राहिला. बघता बघता पाय आपोआप हलायला लागले त्याचे, उंबऱ्यावरच, पायडल मारल्यासारखे. आत गेला. बाहेर आला. परत आत गेला. आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, काढलीच सायकल... कुठली? असंल कुठली तरी... लेडीज. सुनेची. मधला दांडा नको वाटतो या वयात, टांग टाकायला त्रास... ओढून बाहेर आणली, पदर खोचला, आणि... काय?... पदरच म्हणलो. उपरण्याचा पदर. उपरण्याला पदर नसतो व्हय? मराठी शिकवलं का न्हाई तुला शाळेत!

आता एक नंबर. बरोबर सांगतोय का बघ. कडंला गाड्या लावलेल्या, गाड्यांच्या उजव्या अंगानं रंगाची रेघ, आणि त्या रेघेच्या आत सायकल. म्हणजे एका हाताला धावणारी वाहनं, दुसऱ्या हाताला गाड्यांची दारं... हां, तोच. तुमच्या माणसांनी खऱ्याखुऱ्या गाड्या लावल्या होत्या, आत माणसं पण बसवली होती. चांगलं केलं ते.

विरुपाक्ष निघाला. पहिल्यांदा हॅन्डल असं हेलपाटलं, मला वाटलं गेला! लई दिवसांनी बसला होता बिचारा. पण पाय विसरत न्हाईत गं. दोन-चार पायडल मारली, वारा लागला अंगाला, तसा चेहरा असा खुलला... लग्नातसुद्धा एवढा खुलला नव्हता तो चेहरा... हो, विरुपाक्षच्याच लग्नात. मी होतो की तितं. अगदी जवळ होतो.

आणि धाड! पांढऱ्या गाडीचं दार उघडलं. पुढ्यात! आणि आतनं कोण उतरलं, सांग... न्हाई... न्हाई... शेळी!... शेळी गं, शेळी. वळसंगच्या बाळासोची. डॉक्टरला दाखवायला आणलेली. मागच्या सीटवर बसून आली, पट्टा लावून. उतरली, विरुपाक्षकडं बघितलं, आणि दार लावून घेतलं... आता रस्ता बंद असताना शेळीची गाडी आत कशी आली, ते तू शेळीला विचार. मी गॅलरीत होतो...

बरं, बरं. हसू नकोस. शेळी सोड. शेळी नव्हती... पण दार होतं, ऋतू. दार खरं. ते लिहून घे. ब्रेक दाबला, पाय टेकला. हॅन्डल आणि दार यांच्यात एवढं बोटभर अंतर. गाडीतला माणूस ‘सॉरी सॉरी’ करत बाहेर आला. विरुपाक्ष सायकलवरनं उतरला. नुसता उभा राहिला, आणि डाव्या हातानं उजवं मनगट धरलं. घट्ट. लई वेळ... का म्हणजे?... न्हाई, त्याचं कुठं मोडलं होतं! मोडलं ते आज्जीचं, पुढच्या त्या टेलरच्या दुकानासमोर, तसल्याच दारानं... त्याचं आपलं घड्याळ सैल झालं असंल. तू एवढंच सांग साहेबाला, की दार उघडलं, म्हातारं माणूस थांबलं, आणि परत सायकलवर बसायला त्याला लई धीर गोळा करावा लागला. मला वाटलं, झालं, आता हे घरी येणार... म्हणजे त्याच्या घरी जाणार. पण न्हाई आला. गेला पुढं.

दोन नंबर. रस्त्याच्या एकाच बाजूला उंच कट्टा, आणि त्याच्यावरनंच जाणारे आणि त्याच्यावरनंच येणारे. तुमच्या माणसांनी विटा मांडून वर फळ्या टाकल्या होत्या. दिसायला देखणा हां! विरुपाक्ष चढला, आणि समोरनं आला येडू... येडू गं, कारखान्यातनं चादरींचे गठ्ठे पोचवतो तो. रविवार असला तरी त्याला सुट्टी न्हाई. कॅरिअरवर एवढा गठ्ठा, की येडू दिसतच न्हाई, नुसता गठ्ठाच चालत येताना दिसतो. आता दोघांना मिळून जागा किती? तू आखलीस, तूच सांग... तेवढीच ना? ती सगळी गठ्ठ्यानंच खाल्ली. विरुपाक्षचं हॅन्डल अडकलं गठ्ठ्याच्या दोरीत, आणि येडूनं त्याला तसाच ओढत नेला, उलटा! पार मागं चौकापर्यंत! हा आपला पुढं तोंड करून पायडल मारायलाय, मारायलाय, आणि मनात म्हणतोय, आज ते टेलरचं दुकान लांब लांब का चाललंय?...

हां, हस. तेवढं तरी हसलीस. मघापासनं आवाज बसलेला तुझा... बरं, चौकापर्यंत न्हाई. दोरीत पण अडकलं न्हाई. नुसतं घासलं. पण खाली उतरावं लागलं आणि अंग चोरून उभं राहावं लागलं, हे पक्कं. येडूला विचार, तो पण सांगंल.

आणि हे बघ, दोन नंबरची दुसरी भानगड. संक्रांतीला काय करणार?... अगं, संक्रांतीला! सिद्धरामाच्या यात्रेतले नंदीध्वज हितनंच जातात ना. माझ्या खांद्यावर बसून बघायचीस, विसरलीस? तेवढी उंच काठी पेलणारा माणूस खाली बघतो का कधी? नजर वर, शेंड्याला. गर्दी अशी दाटलेली, आणि पायाखाली हा तुमचा सिमेंटचा कट्टा... मग? ठेचकाळला तर काठी कुणाच्या अंगावर?... कुणीच हे काढलं न्हाई? एवढ्या मीटिंगा झाल्या?... तू पण विसरलीस? सोलापूरची पोरगी तू! पुण्याचं पाणी लागलं म्हणायचं... बरं बरं, चिडू नकोस. तीन नंबरमधे कट्टा न्हाई ना? खुंटे हायत नुसते?... ते काढता येतात?... मग झालं की. यात्रेपुरते उपटून ठेवायचे, परत रोवायचे. मांडवाचे खांब न्हाई का आपण काढत.

आता ऐक, खरी गंमत पुढंच हाय. तीन नंबर. फूटपाथला लागून सायकल. मग एक मोकळी पट्टी, दार उघडायला. मग गाड्या. मग वाहतूक. म्हणजे गाड्यांचीच भिंत झाली मधे... बरोबर ना? बघ, मला सगळं कळतं.

विरुपाक्ष शिरला आत. आधी बिचकतच. टेलरनं मशीन फूटपाथवर काढलेलं, पुढं स्टीलच्या भांड्यांचं दुकान. कुणी मधेच आलं तर? आलीच की एक बाई, हातात पिशवी, फोनवर बोलत. विरुपाक्षनं घंटी वाजवली. बाई थांबली. हा गेला. पुढं तुमच्या माणसानं गाडीचं दार उघडलं मुद्दाम. दार आलं बाहेर, पण त्या मोकळ्या पट्टीतच राहिलं. हात लांब केला तरी लागलं नसतं. विरुपाक्षनं मान वळवून बघितलं त्या दाराकडं... आणि काय सांगू, खांदे असे खाली आले त्याचे! दोन वर्षं... किती का वर्षं असंना, आत धरून ठेवलेलं काहीतरी सुटलं बघ. घंटी वाजवायला लागला. पुढं कुणी नसताना! पोरांसारखी, ट्रिंग ट्रिंग ट्रिंग. आणि मग दोन्ही हात सोडले! चालत्या सायकलवर! हॅन्डल सोडून हात वर घेतले आणि अंबाडा घट्ट केला...

काय?... मुंडासं. मुंडासं म्हणलो मी. तुझा तो फोन खराब हाय... विरुपाक्ष कधीपासनं मुंडासं बांधतो? कालपासनं. ऊन बघ की किती वाढलंय हितं... शप्पथ? कुणाची?... सिद्धरामाची? न्हाई हां. देवाला सायकलीच्या भानगडीत ओढायचं न्हाई...

एवढंच कसं? संपली म्हणजे? गोष्ट अशी सपाट संपती का कुठं? आमटीला मीठ नको व्हय? ऐक. पुढं बसस्टॉपपाशी तुमचा ट्रॅक जरासा वळतो ना, तितं. हात सोडलेले, तोंडात गाणं, आणि समोरनं डोक्यावर कांद्याची पाटी घेऊन मायाक्का! हा म्हणतो बाजूला हो, ती म्हणती तू बाजूला हो. आणि धाडदिशी पडला! असा पडला, असा पडला, की कांदे सगळे आभाळात! लोकांना वाटलं गारा पडायल्यात. एक कांदा तर आपल्या गॅलरीत आला, मी बसल्या जागी झेलला, आणि दुपारी कडक भाकरीबरोबर...

हॅलो?... ऋतू? हायस ना?... हां. पडला म्हणलो... हो, तीन नंबरवर... वळणापाशी, हो... काय लिहायलीस तू?... अगं थांब. थांब, थांब. तीन नंबर कशाला खोडतेस?... म्हणजे एक जरी म्हातारं माणूस पडलं तर... साहेबाचंच खरं ठरतं?...

अगं, पडला म्हणजे तसा पडला न्हाई. टेकला... न्हाई, टेकला पण न्हाई. कांदे पण नव्हते. मायाक्का बाजारात होती, रविवारी ती हितं कशाला येती!... ‘हो का न्हाई, एकच सांगा’?... बरं. न्हाई. पडला न्हाई... आता का विश्वास बसंना?... हां. शेळी पण होती मघाशी, खरं हाय. येडूनं उलटं ओढलं, ते पण मीच म्हणलो... मुंडासं... हो. अगं पण दार खरं होतं!... न्हाई, तसं न्हाई, ऋतू... माझं काहीच धरणार न्हाईस?... काहीच?...

ऐक माझं, बाळ. गोष्ट गेली खड्ड्यात. एक नंबर तेवढा नको करू. दुसरं काय पण कर. ती रंगाची रेघ नको... कारण काय म्हणजे... कारण परत तितंच दार उघडणार, आणि परत कुणीतरी... मला कसं माहीत? मी बघितलंय ना तिला... त्याला. बघितलंय मनगट धरून उभं राहिलेलं... विरुपाक्षला फोन लावतेस? आत्ता?... नको, नको. झोपला असंल... एवढ्या सकाळी म्हणजे, दमला असंल कालचा... अगं त्याला ऐकू पण कमी येतं, उगाच काहीतरी भलतंच सांगंल...

थांब हां जरा... न्हाई, काही न्हाई. खलबत्ता थांबला... तुझी आज्जी दारात येऊन उभी हाय. हातात बत्ता हाय... काय गं वच्छले?... अगं, मी आपलं गोष्टीसाठी म्हणलो... तुझं नाव कुठं घेतलं? एकदा तरी घेतलं का? तू म्हणलीस बोलायचं न्हाई, मी बोललो न्हाई... अगं हात चटणीचे हायत तुझे, फोनला लागंल... अगं देतो, देतो, ओढू नकोस...

हॅलो, ऋतू? मी आज्जी. कोण पडलं?... कुणी पडलं न्हाई! धादांत खोटं बोलायलाय तुझा अज्जा. विरुपाक्ष भावजी महिना झाला धारवाडला लेकीकडं हायत, आणि त्यांना सायकल येतच न्हाई. मी चालवली... मीच. तुझी ती जिन्याखालची. मीच यांना गप्प बसायला सांगितलं होतं, तर यांनी मला पाडून ठेवलं!... घे लिहून. एकावर दार उघडलं. दोनावर येडूच्या गठ्ठ्यानं खाली उतरवलं. तीनावर मी पडले न्हाई की पाय टेकला न्हाई, बसस्टॉपपर्यंत गेले आणि वळून परत आले... हात? सोडले की! तेवढं मात्र खरं सांगितलं त्यांनी... माझं नाव? घाल की. वय पण घाल... बाबा काय म्हणंल?... तू तुझ्या साहेबाला सांग. माझ्या लेकाला मी सांगते. ठेव फोन.